सिलक्यारा : १७ दिवस आणि शेवटचे बारा मीटर

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार, लक्ष्मीपूजनाचा दिवस. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, यमुनोत्रीच्या वाटेवर, सिलक्यारा ते बडकोट असा सुमारे साडेचार किलोमीटरचा बोगदा खणला जात होता. चारधाम रस्ता प्रकल्पातलं हे काम. पहाटे साडेपाचच्या सुमारास, रात्रपाळी संपत आलेली असताना, सिलक्याऱ्याकडच्या तोंडापासून दोनशे-अडीचशे मीटर आत बोगद्याचं छत ढासळलं. पाळी संपवून दिवाळीसाठी बाहेर पडायच्या तयारीत असलेले ४१ मजूर ढिगाऱ्याच्या पलीकडे अडकले.

२८ नोव्हेंबरच्या रात्री ते सगळे, एकही कमी न होता, बाहेर आले. दुसऱ्या दिवशी मथळ्यांमधून मानवी जिद्दीचा विजय झळकला. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्यातून कळतही काही नव्हतं. जिद्द होती म्हणजे नेमकं काय होतं? कुणाकडे होती? चारशे तासांच्या आसपास ती कशावर तगली, आणि जिथे ती खचायला आली तिथे कशानं सावरलं? सिलक्यारा प्रकरण म्हणून वाचायचं ते या प्रश्नांसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आतली माणसं टिकली, कारण त्यांना रोज करायला काहीतरी होतं आणि पलीकडून रोज कुणीतरी ऐकत होतं. बाहेरची टिकली, कारण एक उपाय फसला की दुसरा हाताशी ठेवायची शिस्त त्यांना उशिरा का होईना लागली, आणि शेवटी छिन्नी-फावड्यापर्यंत खाली यायला कुणाला कमीपणा वाटला नाही. मनोबल या दोन्ही गोष्टींच्या मागून आलं. आपल्याकडे याच्या उलट क्रमानं गोष्ट सांगायची सवय आहे.

ढिगाऱ्यापलीकडे

आधी नशिबाचा वाटा मोजू, कारण तो मोजल्याशिवाय पुढचं कौतुक प्रामाणिक होत नाही. अडकलेल्यांच्या बाजूला जवळजवळ दोन किलोमीटर खणलेला बोगदा मोकळा होता. तिथली वीज शाबूत राहिली. डोंगरातून पाणी झिरपत होतं. हिमालयातल्या नोव्हेंबरची थंडी बाहेर होती, आत नव्हती. खाणीतल्या दुर्घटनांत हे सगळं एकत्र मिळणं जवळपास अशक्य असतं. १९८९ साली राणीगंजच्या महावीर कोळसा खाणीत पाणी घुसलं तेव्हा अडकलेल्यांच्या भोवती पाणीच होतं. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूल बनवून घेतली, स्वतः खाली उतरले आणि ६५ जणांना वर काढलं. २०१० साली चिलीच्या सान होसे खाणीत ३३ जण सुमारे सातशे मीटर खोल अडकले, त्यांचा पहिला ठावठिकाणा लागायलाच १७ दिवस गेले. सिलक्याऱ्याची माणसं तेवढ्याच दिवसांत घरी फोन करत होती.

पण पहिल्या दिवशी आतल्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होती ती फक्त समोर उभी राहिलेली दगड-मातीची भिंत. त्या ढिगाऱ्यातून आरपार एक चार इंची नळी गेलेली होती, बोगद्याच्याच कामासाठी टाकलेली. आतल्या लोकांनी मोटर चालू करून त्या नळीतून पाणी बाहेर सोडलं. बाहेर पाणी आलं म्हणजे आत मोटर चालवणारा हात आहे. या एका कृतीकडे बघा. कुणी भाषण केलं नाही, कुणी धीर द्या म्हटलं नाही. बोगद्यात रोज वापरायच्या वस्तूचं काम बदललं, इतकंच. मग त्याच नळीतून आत हवा आली, आवाज आले, आणि कुरमुरे, चणे, सुकामेवा, औषधं आली.

पुढचे आठ-नऊ दिवस हेच अन्न. चार इंची नळीतून हवेच्या दाबानं ढकलता येईल तेवढंच आत येणार, त्यामुळे मूठभर कुरमुरे आणि दगडावरून ओघळणारं पाणी, असं पहिल्या दिवसांचं वर्णन सुटकेनंतर काहींनी केलं. ही माणसं एका गावची नव्हती. १५ झारखंडची, ८ उत्तर प्रदेशची, बिहार आणि ओडिशाची प्रत्येकी ५, पश्चिम बंगालची ३, उत्तराखंड आणि आसामची प्रत्येकी २, हिमाचलचा १. घरची बोली वेगळी, वयं वेगळी. आलेलं अन्न कुणाला आधी, कुणाला किती, यावरून भांडण होऊ शकलं असतं. सुटकेच्या रात्री पंतप्रधानांशी फोनवर बोलताना त्यांच्यातल्या एकानं सांगितलं ते असं : जेवण आलं की आम्ही सगळे एकत्र बसून जेवायचो, आणि सकाळी बोगद्यात चालायला जायचो, योगासनं करायचो. ऐकायला हे शिबिराच्या दिनक्रमासारखं वाटतं. पण सूर्य न दिसणाऱ्या जागी सकाळ कुठून येणार? ती ठरवावी लागते. अमुक वाजता उठायचं, अमुक वाजता चालायचं, अमुक वाजता एकत्र बसायचं. हे ठरलं की दिवस सरतो. नाही तर तो सरतच नाही, आणि न सरणारा दिवस माणसाला आतून खातो.

हे ठरवणारं कुणीतरी होतं. उत्तराखंडचा एक मुरलेला फोरमन, आधीही एकदा अशा ढासळीत अडकून बाहेर आलेला. त्याच्याबद्दल सगळ्या साक्षी एकच सांगतात : तो तरुण पोरांना बोलतं ठेवायचा, आणि सगळे बाहेर पडल्यावर शेवटी मी निघेन, असं त्यानं आधीच जाहीर करून टाकलं होतं. या वाक्याचा व्यावहारिक उपयोग लक्षात घ्यायला हवा. रांगेत शेवटी कोण, हा भीतीचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. तो एका माणसानं स्वतःवर घेऊन मिटवून टाकला. पुढच्या रांगेवर मग वाद उरला नाही. राणीगंजला गिल यांनीही हेच केलं होतं, चिलीत पाळीप्रमुखानंही. बहुतेक या कामात मुरलेल्या लोकांना ते कुणी शिकवावं लागत नसावं.

बाकी वेळ कसा गेला याच्या हकिगती साध्या आहेत. वीज असल्यानं मोबाइल चार्ज होत होते. नेटवर्क नव्हतं, पण आधीपासून भरून ठेवलेले खेळ होते. चोर-शिपाई, राजा-मंत्री असे लहानपणचे खेळ निघाले. बोगद्याच्या कामासाठी आणलेल्या जाड कापडी चादरी, ज्याला तिथे जिओटेक्स्टाइल म्हणतात, त्या अंथरून झोपायची सोय झाली. नंतर बाहेरून पत्ते, लुडो, बुद्धिबळाचे पट पाठवले गेले.

या सगळ्याला गुलाबी रंग द्यायचं कारण नाही. पोटाच्या तक्रारी होत्या, डोकेदुखी होती, झोप उडाली होती, काहींचा धीर सुटत होता. बाहेरून जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबरोबर नैराश्यावरची औषधंही पाठवावी लागली, आणि मानसोपचारतज्ज्ञ नळीच्या तोंडाशी बसून बोलत होते. माझ्या लेखी ही या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. मजूर आहेत, काटक आहेत, सहन करतील, असं धरून चालणं सोपं होतं. निदान इथे तरी ते धरलं गेलं नाही.

२० नोव्हेंबरला ढिगाऱ्यातून सहा इंची नळी आरपार घालण्यात यश आलं आणि सगळं बदललं. पहिल्यांदा गरम जेवण गेलं, प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरलेली खिचडी. २१ तारखेला पहाटे त्याच नळीतून कॅमेरा आत गेला. पिवळी-पांढरी हेल्मेटं घातलेले चेहरे कॅमेऱ्याकडे बघताहेत, एकेक जण पुढे येऊन हात हलवतोय, हे चित्रण देशभर दाखवलं गेलं. पुढे टेलिफोनची तार आत गेली आणि घरच्यांशी नीट बोलता येऊ लागलं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांवरही याचा तेवढाच परिणाम झाला. उत्तर प्रदेशातून आलेला एक बाप बायकोचे दागिने गहाण ठेवून प्रवासाचे पैसे उभे करून आला होता. त्याच्यासारख्यांना नऊ दिवस अधिकाऱ्यांच्या शब्दावर विसंबावं लागलं होतं.

एक नोंद इथेच करायला हवी. पहिले पाच-सहा दिवस सगळ्या याद्यांत ४० माणसं होती. एकेचाळिसावा नंतर सापडला. म्हणजे आत किती माणसं आहेत हे काम देणाऱ्यांनाच नीट माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत एका घराला आपला माणूस आत आहे हे कुठल्याच सरकारी कागदावर दिसलं नाही.

यंत्रांचे दिवस

बाहेरची गोष्ट फसलेल्या उपायांची आहे. सुरुवातीला जे कुणालाही सुचेल तेच केलं : जेसीबी लावून ढिगारा उपसायला घेतला. जितका उपसला तितका वरून आणखी आला, कारण ढासळलेल्या जागी डोंगर मोकळाच होता आणि त्याला थांबवणारं काही उरलं नव्हतं. मग दिशा बदलली. ढिगारा काढायचा नाही, त्यातून माणूस जाईल एवढी पोलादी नळी आरपार ढकलायची.

यासाठी ऑगर यंत्र वापरतात. लांबलचक मळसूत्रासारखा दांडा नळीच्या आत फिरतो, टोकाची पाती माती-दगड कापतात, कापलेला राडारोडा त्याच मळसूत्रावरून मागे येतो आणि पाठीमागून हायड्रॉलिक जॅक नळी पुढे रेटतो. सहा मीटरचा एक तुकडा गेला की त्याला दुसरा वेल्डिंग करून जोडायचा. एकसारख्या मातीत हे यंत्र सुरेख चालतं. इथे एकसारखं काही नव्हतंच. खडक, सिमेंटचे थर, छताला आधार द्यायला बसवलेले लोखंडी गर्डर, सळया, सगळं एकमेकांत पिळवटून पडलेलं. यंत्राला समोर काय आहे ते दिसत नाही. अडलं की अडलं.

पहिलं छोटं यंत्र दोन दिवसांत निकामी झालं. १५ नोव्हेंबरला हवाई दलाच्या हर्क्युलस विमानांनी दिल्लीहून ताकदवान अमेरिकी ऑगर यंत्राचे भाग आणले. काम वेगानं पुढे सरकलं, आणि १७ तारखेला, बावीसेक मीटर नळी गेलेली असताना, आतून काहीतरी तडकल्याचा मोठा आवाज आला. काम थांबलं. पुन्हा ढासळ झाली तर आतले ४१ आणि बाहेरचे सोडवणारे, दोन्ही जाणार होते.

हा थांबा अनेकांना भ्याडपणा वाटला. बोगद्याच्या तोंडाशी सहकारी मजुरांच्या निषेधाच्या घोषणा आधीच सुरू झाल्या होत्या. पण याच थांब्यात मोहिमेला आकार आला, असं मला वाटतं. तोवर सगळी भिस्त एका यंत्रावर होती. आता पाच वेगवेगळे मार्ग ठरले आणि पाच सरकारी संस्थांवर सोपवले गेले : सिलक्याऱ्याकडून आडवी नळी, बडकोटकडून सुरुंग लावत समोरून खणणं, डोंगराच्या माथ्यावरून उभं भोक, बाजूनं आडवा छेद, असे. माथ्यापर्यंत यंत्रं चढवायला रस्ता नव्हता, तो सीमा सडक संघटनेनं बांधला. सोडवणाऱ्यांच्या डोक्यावर आणखी काही पडू नये म्हणून काँक्रीटच्या चौकटी आणि पाइप टाकून सुरक्षित वाट केली गेली. यातले बहुतेक मार्ग शेवटी लागले नाहीत. उभं भोक अर्ध्यापर्यंतच पोचलं. पण ते चालू होते म्हणून मुख्य मार्ग अडला तेव्हा हात टेकायची वेळ आली नाही.

२२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी रुग्णवाहिका रांगेत उभ्या राहिल्या. दूरदर्शन वाहिन्यांवर काही तासांचा हिशेब सुरू झाला. नळी लोखंडी गर्डरला थडकली. ते कापून काम पुन्हा सुरू झालं. पुन्हा काही तास. २४ तारखेला संध्याकाळी, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मीटरवर, ऑगरचा दांडा आतच अडकून तुटला. दहा-बारा मीटर उरले होते, आणि ज्या नळीतून माणसं बाहेर यायची त्याच नळीत आता तुटलेलं पोलाद रुतून बसलं होतं.

काही तासांत बाहेर काढू, हे आश्वासन या काळात किती जणांनी किती वेळा दिलं याची मोजदाद न केलेली बरी. अडकलेल्या माणसाला खोट्या घटकेनं जेवढं खच्ची करता येतं तेवढं अंधारानंही येत नाही. म्हणून मला आंतरराष्ट्रीय बोगदा संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, ऑस्ट्रेलियाचे अर्नोल्ड डिक्स यांचं वागणं महत्त्वाचं वाटतं. ते २० तारखेला तिथे पोचले होते. ऑगर तुटल्यावर त्यांनी सांगितलं की ही माणसं नाताळपर्यंत घरी असतील. म्हणजे एक महिना! ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असेल. पण महिन्याची तयारी ठेवलेला माणूस चार दिवसांत सुटला तर त्याचं काही बिघडत नाही. चार तासांच्या आशेवरचा माणूस चौथ्या तासाला कोसळतो. याच डिक्स यांनी बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या बाबा बौखनाग यांच्या देवळीपुढे रोज डोकं टेकवल्याच्याही बातम्या आल्या. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. मला त्यात गैर काही दिसत नाही. गावकऱ्यांची समजूत होती की देवाचं स्थान हलवलं म्हणून डोंगर कोपला. त्या गावकऱ्यांबरोबर काम करायचं तर त्यांच्या देवाला नमस्कार करण्यात काय गेलं?

बारा माणसं

तुटलेला दांडा नळीतून काढायला तीन दिवस लागले. हैदराबादहून प्लाझ्मा कटर आणला, एकेक तुकडा कापून बाहेर ओढला. मग प्रश्न उरला शेवटच्या टप्प्याचा. तिथे पुन्हा यंत्र घालायचं नाही, माणूस घालायचा, असं ठरलं.

हे काम करणारे लोक दिल्लीकडून आले, बाराजणांची टोळी. त्यांना माध्यमांनी रॅट-होल मायनर म्हटलं. मेघालयात कोळशाचे पातळ थर काढण्यासाठी माणूस सरपटत जाईल एवढीच बिळं खणतात, त्या पद्धतीचं हे नाव. राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ साली तिच्यावर बंदी घातली. बंदीनंतरही ती चालूच राहिली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयातल्या क्सान इथे अशाच एका खाणीत पाणी शिरून किमान पंधराजण गेले. सिलक्याऱ्याला आलेले लोक मात्र कोळसा काढणारे नव्हते. रस्त्याखालून, रेल्वेरुळांखालून, वर काही न फोडता पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या टाकणं हा त्यांचा रोजचा धंदा. नळीत शिरायचं, पुढची माती हातानं खणायची, मागून जॅकनं नळी ढकलायची. महानगरांच्या पोटातून अशी किती नळ्यांची जाळी गेली आहेत आणि ती कुणी टाकली, हे आपण कधी विचारत नाही.

आठशे मिलिमीटर व्यासाची नळी म्हणजे आत माणूस ताठ बसूही शकत नाही. तोंडाशी एक जण आडवा पडून हँड ड्रिलनं, छिन्नीनं समोरचं फोडणार. त्याच्या मागचा तो राडारोडा फावड्यानं मागे ओढून चाकं लावलेल्या घमेल्यासारख्या गाडीत भरणार. गाडी भरली की बाहेरचे दोर ओढून ती पन्नासेक मीटर लांब नळीतून काढून घेणार. लोखंड आडवं आलं की गॅस कटर. बंद नळीत गॅस कटर पेटला की धूर आणि उष्णता दोन्ही अंगावर येतात. हवेसाठी पंख्याची नळी सोडलेली, तरी पाळीपाळीनं माणसं बदलावी लागतात. थोडं खणून झालं की सगळे बाहेर, यंत्र नळी तेवढीच पुढे ढकलणार, मग पुन्हा आत. लष्कराच्या मद्रास सॅपर्स या अभियंता दलाचे जवान मदतीला होतेच.

ऑगरच्या पात्याला गर्डर आणि दगड सारखेच. आडवं पडलेल्या माणसाला हातानं चाचपून कळतं, की ही सळई इथून वळली आहे, हिला इथे कापलं तर तो दगड सैल होईल आणि तिथे कापलं तर अंगावर येईल. इतकं बारीक पाहत खणलं म्हणूनच काम पटपट झालं. २७ तारखेच्या संध्याकाळी हातानं खणणं जोरात सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पलीकडे पोचले. एक दिवस आणि वर थोडा वेळ. शेवटचा दगड हटवून पहिला जो खणणारा आत उतरला, त्याला आतल्यांनी मिठी मारली, खांद्यावर घेतलं आणि जवळ होतं ते खाऊ घातलं. सोडवायला आलेल्याचा पाहुणचार!

२८ नोव्हेंबरला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास पहिला मजूर बाहेर आला. पुढच्या तासाभरात सगळे ४१. तिथून चिन्यालीसौडच्या रुग्णालयात, आणि दुसऱ्या दिवशी चिनूक हेलिकॉप्टरनं ऋषिकेशच्या एम्समध्ये. तपासणीत सगळ्यांची प्रकृती ठीक निघाली.

मथळ्यांनंतर

ज्या दिवशी सुटका झाली त्याच दिवशी, काही तास आधी, झारखंडातल्या आपल्या घरी एका मजुराचे वडील गेले. मुलगा बाहेर आल्याचं त्यांना कळलं नाही. ४१ पैकी ४१ या आकड्यात हा मृत्यू कुठेच धरलेला नाही.

राज्य सरकारनं मजुरांना प्रत्येकी एक लाख रुपये दिले. खणणाऱ्यांना प्रत्येकी ५० हजार. ते अपुरे असल्याची नाराजी त्यांनी उघड बोलून दाखवली. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांच्यातल्या एकाचं दिल्लीतलं घर अतिक्रमण म्हणून पाडण्यात आलं. कायद्यानं काय बरोबर, काय चूक, तो वेगळा विषय. पण नोव्हेंबरमध्ये ज्याचं नाव देशभर झालं त्याचं फेब्रुवारीत घर उभं राहिलं नाही, याची नोंद या प्रकरणात हवीच.

आता तो प्रश्न, ज्यावर जिद्दीच्या कौतुकानं पांघरूण पडतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीनं या बोगद्याला मंजुरी दिली. त्या वेळच्या सरकारी निवेदनातच बोगद्याचं वर्णन सुटकेच्या मार्गासह असं केलेलं आहे. दुर्घटना झाली तेव्हा असा मार्ग तिथे नव्हता. हा मार्ग पूर्ण झालेल्या बोगद्यातल्या वाहनांसाठी असतो, खणणाऱ्यांसाठी नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. तांत्रिकदृष्ट्या तो अगदीच पोकळ नाही. पण मग खणणाऱ्यांसाठी काय असतं? खणकाम पुढे सरकेल तसा मागच्या कच्च्या भागातून जाड पोलादी पाइप टाकत जाणं, म्हणजे छत बसलं तरी आतून सरपटत येता यावं, हा बोगद्याच्या कामात जगभर माहीत असलेला उपाय आहे. जी नळी ढकलायला १७ दिवस, हवाई दल, पाच संस्था आणि बारा माणसांची छाती लागली, तीच नळी ढासळ होण्याआधी जमिनीवर नुसती अंथरायची होती. त्या डोंगरातला ठिसूळ खडक आणि आधीच्या लहान ढासळी कुणाला माहीत नव्हत्या असंही नाही.

म्हणून या प्रकरणाचं वर्गीकरण करताना मी अडखळतो. माणसाच्या चिकाटीचा नमुना म्हणून ते पहिल्या रांगेत बसतं : मोटर चालू करून खूण देणारे, शेवटी निघेन म्हणणारा फोरमन, १७ तारखेला थांबायची हिंमत दाखवणारे, नळीत आडवे पडून गर्डर चाचपणारे. आणि त्याच वेळी ते कामाच्या नियोजनातल्या ढिलाईचंही तितकंच ठळक प्रकरण आहे. पहिल्यावर बोललं की टाळ्या मिळतात, दुसऱ्यावर बोललं की विरस झाला म्हणतात. ते दोन्ही एकाच वेळी शिकवलं नाही तर अभियांत्रिकीच्या वर्गातून मुलं एवढंच घेऊन जातील, की वेळ आली तर आपले लोक काहीतरी जुळवून आणतातच.

बोगद्याचं काम काही काळ थांबून पुन्हा सुरू झालं. १६ एप्रिल २०२५ रोजी दोन्ही बाजूंचं खणकाम एकमेकांना मिळालं आणि बोगद्याला बाबा बौखनाग यांचं नाव देण्याची घोषणा झाली. सुटलेल्यांपैकी काही जण गावी राहिले, काही पुन्हा बोगद्यांच्याच कामावर गेले. शेती नाही, गावात मजुरी नाही, आणि हेच एक काम येतं, असं त्यांचं म्हणणं. अशा कामावर जाणाऱ्या कुणाशी बोलायची वेळ आली तर भीती वाटते का, हे विचारायच्या आधी, मागच्या कच्च्या भागात सुटकेची नळी टाकली आहे का आणि हजेरीपटावर तुझं नाव आहे का, हे विचारावं.